दोन दारांचे कॉलेज

मुलाने शिकावे की हुन्नर हाती घ्यावा, हा प्रश्न आपल्या समाजातल्या कारागीर घरांना नवा नाही. मालेगाव-भिवंडीचे माग असोत, कुर्ल्याची गॅरेजे असोत की धारावीतले चामड्याचे काम असो, आठवी-नववीच्या वळणावर हा प्रश्न घरात उभा राहतो आणि पुष्कळदा त्याचा निकाल शाळेच्या विरुद्ध लागतो. शाळेला कारखान्याचे काही माहीत नसते, कारखान्याला शाळेचे काही पडलेले नसते. मधल्या मध्ये मुलगा एकीकडचा होतो आणि दुसरीकडची वाट त्याला कायमची बंद होते. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळ घरांत दोन्ही वाटा बंद असतात.

अमेरिकेने या प्रश्नाला एक उत्तर शोधले. त्याचे नाव कम्युनिटी कॉलेज. बारावीनंतर दोन वर्षांचे, घराजवळचे, कमी फीचे कॉलेज. त्याचे एक दार गावातल्या शाळेकडे उघडते आणि दुसरे गावातल्या कारखान्याकडे, कचेरीकडे, इस्पितळाकडे. आम्ही येथे या कॉलेजांचा इतिहास थोडक्यात मांडणार आहोत तो अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. या इतिहासात यश आहे तशी गरिबांची फसगतही आहे आणि आपल्याला दोन्ही समजून घेण्याची गरज आहे.

सुरुवात शाळेपासूनच झाली. शिकागोजवळच्या जोलिएट या दगडखाणींच्या आणि पोलादाच्या गावात १९०१ साली माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांनी शाळेतच पुढची दोन वर्षे शिकवण्याची सोय केली. त्यांच्या पाठीशी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर होते. पहिल्या तुकडीत विद्यार्थी अवघे सहा. आज जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज मानले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हार्पर यांना गरिबांचा कळवळा होता म्हणून हे घडले असे नाही. कॉलेजची पहिली दोन वर्षे खरे तर शाळेचीच असतात, ती शाळांकडे सोपवावीत आणि विद्यापीठाने वरच्या संशोधनाकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा विचार होता. जोलिएटच्या पालकांचे गणित वेगळे होते. मुलगा-मुलगी घरी राहून, घरचे जेवून दोन वर्षे पुढे शिकतील, एवढे त्यांना पुरेसे होते. एकाच कॉलेजकडे विद्यापीठ एका नजरेने पाहत होते आणि गाव दुसऱ्या. हा दुहेरीपणा या कॉलेजांच्या जन्मातच आहे आणि पुढचे सगळे वाद त्यातूनच निघाले.

कारखान्याकडचे दार मात्र दुसऱ्याच गावात उघडले. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने २७ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. एक गट वर्गात असताना दुसरा शहरातल्या यंत्र-कारखान्यांत काम करी, मग अदलाबदल होई. मालकाच्या यंत्रापाशी कोणी ना कोणी सदैव हजर राही, त्यामुळे त्याचे काम अडत नसे. विद्यार्थ्याला मजुरी मिळे आणि वर्गात शिकलेला नियम यंत्रावर पडताळून पाहता येई. श्नायडर यांचे म्हणणे साधे होते. इंजिनिअरिंगच्या कित्येक गोष्टी वर्गात शिकवताच येत नाहीत. आपल्याकडे उस्तादाजवळ बसून शागिर्द शिकतो, त्यामागचा विचार याहून फार निराळा नाही. फरक एवढाच की शागिर्दाला वर्ग नसतो आणि प्रमाणपत्रही नसते.

पुढे १९१७ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने स्मिथ-ह्यूज कायदा करून शाळांतल्या व्यवसाय शिक्षणाला पैसा दिला. पैसा आला, पण त्याबरोबर भिंतही आली. व्यवसाय शिक्षणाची मंडळे, शिक्षक, वर्ग सगळे वेगळे झाले. हाताने शिकणारी मुले एका बाजूला, पुस्तकाने शिकणारी दुसऱ्या बाजूला. कोणाची मुले कोणत्या बाजूला गेली असतील, हे वाचकांना सांगायला नको.

दुसरे महायुद्ध संपले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी लाखो माणसे कॉलेजात आली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अहवाल दिला. देशातल्या किमान ४९ टक्के लोकांची चौदा वर्षांचे शिक्षण पुरे करण्याची कुवत आहे, म्हणून चौदाव्या वर्षापर्यंतचे सार्वजनिक शिक्षण मोफत असावे, असे आयोगाने म्हटले. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले ते या अहवालापासून. १९६० नंतरच्या दहा वर्षांत तेथे साडेचारशेच्या वर सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे निघाली. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक.

यांपैकी ज्या कॉलेजने शाळा आणि कारखाना ही दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवण्याचा खरा प्रयत्न केला, ते न्यूयॉर्कचे लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज होय. त्याचा जन्म आंदोलनाच्या काळातला. १९६९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन विद्यार्थ्यांनी परिसराचा एक भाग अडवून धरला. शहराच्या शाळांत आमच्या मुलांचे जे प्रमाण आहे ते शहराच्या विद्यापीठात का नाही, असा त्यांचा सवाल होता. परिणाम असा झाला की १९७० पासून शहरातल्या माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा देण्याचे धोरण अमलात आले. तेव्हा या विद्यापीठात शिकवणी फीही नव्हती. या लोंढ्यासाठी जी नवी कॉलेजे हवी होती त्यांत लाग्वार्डिया हे एक. सप्टेंबर १९७१ मध्ये क्वीन्स भागातल्या लाँग आयलंड सिटी या कारखान्यांच्या वस्तीत ते सुरू झाले. इमारत नवी नव्हती, जुन्या कारखान्याचीच होती. पुढे शेजारचा एके काळचा बिस्किटांचा प्रचंड कारखानाही कॉलेजच्या वापरात आला.

पहिले अध्यक्ष जोसेफ शेंकर यांनी सुरुवातीलाच एक निर्णय घेतला. पूर्णवेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने काही सत्रे बाहेर काम केलेच पाहिजे. मग तो हिशेबनीस होणार असो, सचिव होणार असो की साहित्य शिकणारा असो. सिनसिनाटीचा प्रयोग इंजिनिअरांपुरता होता, लाग्वार्डियाने तो सगळ्यांना लागू केला. कॉलेजने यासाठी खास माणसे नेमली. बँका, इस्पितळे, विमा कंपन्या, महापालिकेची खाती यांच्याकडे जाऊन जागा मिळवणे, विद्यार्थ्याला तेथे पोचवणे, मधून मधून जाऊन तो खरोखर काय करतो हे पाहणे, हे त्यांचे काम. कामाच्या सत्रातही विद्यार्थी चर्चावर्गासाठी कॉलेजात येई. कामाच्या जागी अधिकार कोणाकडे असतो, निर्णय कसे होतात, आपल्याला हे काम पुढे करायचे आहे की नाही, यावर तेथे बोलणे होई. कामाचे क्रेडिट पदवीत धरले जाई.

मालक यात का पडले? धर्मादाय म्हणून नाही. त्यांना माणूस पारखायला मिळे आणि आवडला तर पुढे ठेवून घेता येई. हा व्यवहार होता आणि कॉलेजने तो व्यवहार म्हणूनच केला. मात्र विद्यार्थी फुकटचा हमाल होऊ नये यासाठी कॉलेजचा माणूस मध्ये उभा होता. या सगळ्या योजनेत हा मधला माणूस आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

आता शाळेकडचे दार. कॉलेजात येणारी मुले वाचनात आणि गणितात कच्ची आहेत, हे शिक्षकांना पहिल्या वर्षापासून दिसत होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की कित्येक मुले कॉलेजपर्यंत पोचतच नव्हती, वाटेतच शाळा सोडत होती. जॅनेट लीबरमन या प्राध्यापिकेने यावर वेगळाच उपाय मांडला. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांची माध्यमिक शाळा कॉलेजच्याच आवारात भरवायची. १९७४ साली मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झाले. न्यूयॉर्कचे शिक्षण मंडळ आणि सिटी युनिव्हर्सिटी यांनी मिळून ते चालवायचे होते.

कोणालाही प्रश्न पडेल की शाळेत मन न रमणाऱ्या मुलाला कॉलेजात नेऊन काय होणार? लीबरमन यांचा तर्क असा होता की मूल आजूबाजूला जे पाहते तसे होऊ पाहते. ज्या ग्रंथालयात कॉलेजची मुले बसतात तेथे याने बसावे, ज्या उपाहारगृहात ती जेवतात तेथे याने जेवावे, तयारी झाली की त्यांच्याच वर्गात एखादा विषय घ्यावा. वर्ग लहान ठेवले. शाळेच्या वयातच मुलांना कामाच्या ठिकाणी पाठवले जाऊ लागले. शिक्षा म्हणून वेगळे काढण्याऐवजी विश्वास म्हणून वर उचलले, असे या प्रयोगाचे सार सांगता येईल. ही शाळा आजही चालू आहे आणि तिच्यावरून देशात अनेक ठिकाणी शाळा निघाल्या. २००२ नंतर शाळेतच कॉलेजचे क्रेडिट देणाऱ्या शाळांची जी मोठी लाट आली, तिचे मूळही येथेच आहे.

१९८५ साली त्याच आवारात आणखी एक शाळा उघडली, इंटरनॅशनल हायस्कूल. ती नुकत्याच देशात आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी होती. क्वीन्स म्हणजे जगभरच्या स्थलांतरितांची वस्ती. लॅटिन अमेरिका, चीन, कोरिया यांच्याबरोबर भारत, पाकिस्तान, बांगलादेशची कुटुंबेही तेथे मोठ्या संख्येने आहेत. या शाळेने आधी इंग्रजी आणि मग विषय असा क्रम ठेवला नाही. विषय शिकता शिकताच इंग्रजी शिकवली आणि मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात मज्जाव केला नाही. उर्दू शाळेतून मराठी किंवा इंग्रजी कॉलेजात जाताना ज्यांची जीभ अडखळली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

१९६० साली समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून एक कटू निष्कर्ष मांडला. या कॉलेजचे दार सर्वांना उघडे आहे हे खरे. पण आत आल्यावर पदवीची आस धरून बसलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना चाचण्या, समुपदेशन, सल्ला यांच्या वाटेने हळूहळू अशा अभ्यासक्रमाकडे वळवले जाते की जेथून विद्यापीठाची वाट नाही. कोणी नाही म्हणत नाही. विद्यार्थ्याची आशाच थंड केली जाते आणि शेवटी त्याला वाटते की निर्णय आपणच घेतला. १९८९ साली स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी याच प्रश्नावर एक मोठा ग्रंथ लिहिला. व्यवसाय शिक्षणाची मागणी विद्यार्थ्यांनी केली नव्हती आणि सुरुवातीला उद्योगांनीही फारशी केली नव्हती. विद्यापीठांच्या सावलीत आपली वेगळी जागा शोधणाऱ्या कॉलेज-चालकांनीच ती दिशा पकडली, असे त्यांनी दाखवले.

आकडेही हेच सांगतात. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. सहा वर्षांत ती मिळते सुमारे १६ टक्क्यांना. मधले कोठे जातात? कोणी नोकरीला लागतात, कोणी घरच्या ओझ्याने थांबतात, कोणाचे क्रेडिट पुढचे विद्यापीठ मानत नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये हा वाद फार जुना आहे. गुलामीतून सुटलेल्या समाजाने आधी हुन्नर शिकावा, इज्जत मागाहून आपोआप येईल, असे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत. १८८१ साली सुरू झालेली टस्कीगीची संस्था त्यांनी याच विचारावर उभी केली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ साली त्याला विरोध केला. हाताच्या कामाला त्यांचा विरोध नव्हता. फक्त हाताचेच काम आमच्या वाट्याला का, असे ते विचारत होते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या पालकांच्या मनातही हाच संशय होता आणि तो गैर नव्हता. त्यात १९७५ चे आर्थिक संकट आले. शहर दिवाळखोरीच्या काठावर गेले, १९७६ साली सिटी युनिव्हर्सिटी दोन आठवडे बंद राहिली आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मोफत असलेल्या शिक्षणाला फी लागली. गरिबांसाठी दार उघडून अवघी सहा वर्षे झाली होती.

अलीकडचे प्रयोगही याच दोन बाजूंमध्ये हेलकावे खातात. केंटकी राज्यात २०१० साली टोयोटाच्या कारखान्याने स्थानिक कम्युनिटी कॉलेजबरोबर एक योजना सुरू केली. आठवड्यात दोन दिवस वर्ग, तीन दिवस पगारी काम. शिकणाऱ्यावर कर्ज चढत नाही. पण अशा उपयोजित पदव्यांचे क्रेडिट चार वर्षांची विद्यापीठे पुष्कळदा पुरते धरत नाहीत. २०११ साली ब्रुकलिनमध्ये आयबीएम कंपनी, शहराचा शिक्षण विभाग आणि सिटी युनिव्हर्सिटीचे तंत्रज्ञान महाविद्यालय यांनी मिळून पी-टेक नावाची सहा वर्षांची शाळा काढली. नववीत शिरलेला मुलगा दोन वर्षांची पदवी घेऊनच बाहेर पडावा, ही कल्पना. २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः ती पाहायला गेले. तेथे पदवी विद्यापीठाची आहे, कंपनीची नाही. हा फरक लहान दिसतो, पण सगळे त्यातच आहे. कंपनी उद्या दुसऱ्या गावी गेली तरी विद्यापीठाची पदवी मुलाजवळ राहते.

हा सगळा वाद परदेशातला वाटत असेल तर आपल्या घरातली एक गोष्ट आठवावी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा हा विचार चर्चेत होता. झाकीर हुसेन समितीने उद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले, पण उत्पन्नाच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, असा स्पष्ट इशाराही दिला. क्लार्क यांच्या बावीस-तेवीस वर्षे आधी एका भारतीय शिक्षणतज्ज्ञाने धोक्याची जागा दाखवून ठेवली होती.

मुंबईत १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामने १९३६ साली भायखळ्याला साबू सिद्दिक यांच्या नावाची तांत्रिक संस्था काढली, तेव्हा हुन्नर आणि तालीम एका छताखाली आणण्याची इच्छा आपल्या समाजातही होतीच. भारतात कम्युनिटी कॉलेज या नावाने काम सुरू झाले ते १९९० च्या दशकात. १९९५ साली पुदुच्चेरीला, १९९६ साली मद्रासला. २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली आणि २०१४ साली बी. व्होक. पदवीची. एका वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता यावे, पुन्हा येऊन पदवी पुरी करता यावी, अशी तिची रचना आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. प्रश्न कागदाबाहेरचा आहे.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी आहेत, तर एकूण लोकसंख्येत ते सुमारे सात टक्के आहेत. त्याच समितीने आयटीआयच्या प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी, मुस्लिमबहुल वस्त्यांत अशा संस्था काढाव्यात आणि मदरशात शिकलेल्या मुलांनाही त्यांत प्रवेश असावा, असे सुचवले. या सूचना मोलाच्या आहेत. पण अमेरिकेचा इतिहास वाचल्यावर त्यांच्याबरोबर आणखी एक मागणी जोडावी लागते. आठवीवर आत घेतलेल्या मुलाला पदवीपर्यंत जाण्याची वाट त्याच इमारतीतून निघाली पाहिजे. नाहीतर आपल्या वस्तीत आयटीआय येईल, आणि आपल्या मुलांची जागा तेथेच आहे, असे सर्वांनी, आपणही, गृहीत धरू.

म्हणून शाळा, कॉलेज आणि मालक यांचा असा कोणताही करार समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात असे आम्हाला वाटते. येथे घालवलेल्या वर्षांचे क्रेडिट पुढचे विद्यापीठ मानते का? कामाच्या जागी मुलाला खरोखर काही शिकवले जाते की त्याच्याकडून फक्त काम उरकून घेतले जाते, आणि हे पाहायला कॉलेजचा कोणी माणूस तेथे जातो का? आणि मुलाला जो मार्ग दाखवला गेला तो त्याने निवडला की त्याच्यासाठी निवडला गेला? ज्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्या घराला हे प्रश्न सुचत नाहीत. ते विचारण्याचे काम शिकलेल्यांचे आहे, मोहल्ल्यातल्या शिक्षकांचे आहे, संस्था चालवणाऱ्यांचे आहे.

आपल्या वस्त्यांत उस्तादांची उणीव नाही. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे, नमुना एकदा पाहून मागावर उतरवणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्या हातातल्या इल्मला वर्गात जागा नाही आणि वर्गातल्या इल्मला त्यांच्या कारखान्यात जागा नाही. लाग्वार्डियाने जुन्या कारखान्यात कॉलेज भरवले, कॉलेजात शाळा भरवली आणि दोन्हीकडे जाणारी माणसे नेमली. त्यासाठी लागले ते प्रामाणिक मधले माणूस, मान्य होणारे क्रेडिट आणि मुलावरचा विश्वास. यांतली पहिली आणि शेवटची गोष्ट सरकारकडे मागावी लागत नाही.